पेन जिथं थांबलं होतं

निवृत्त सहायक फौजदार इंदुमती सरगर यांना प्रशिक्षण केंद्राचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांची पक्की समजूत झाली की आपला सत्कार आहे. बोलावण्यात तसं काही नव्हतं. ‘आपल्या कार्यकाळातील जबाबलेखनाविषयी चर्चा करावयाची आहे, कृपया यावे’, एवढंच होतं. पण खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला खातं आपणहून बोलावतं ते चौकशीसाठी नाहीतर शाल-श्रीफळासाठी. आणि चौकशी व्हावी असं इंदुमतीबाईंनी जन्मात काही केलेलं नव्हतं.

त्यांनी ठेवणीतली इरकली काढली आणि पिंपरणीची एसटी पकडली. २०४३ साल होतं. एसटीला ड्रायव्हर राहिला नव्हता आणि कंडक्टर तर केव्हाच गेला होता. तरी नदीचा पूल ओलांडल्यावर बाई सवयीनं म्हणाल्याच, “ओ, जरा केंद्रापाशी थांबवा.” गाडी तिच्या मर्जीनं चारशे पावलं पुढं जाऊन थांबली. एकोणसत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी ते अंतर परत यायला वेळ घेतला, आणि बाई पोहोचल्या तेव्हा वर्ग सुरू झालेला होता.

केंद्र लैंगिक गुन्ह्यांच्या तपासाचं होतं. वर्गात चाळीसेक शिकाऊ फौजदार, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मुली. शेवटच्या बाकावर बसताना बाईंना भरून आलं. त्या भरती झाल्या तेव्हा अख्ख्या ठाण्यात त्या एकटीच बाई. ठाण्यात बायकांना मोरीसुद्धा नव्हती. एसटी स्टँडवर जावं लागे, आणि त्यांना जाताना पाहून पानवाला घड्याळ लावतो अशी चेष्टा चाले. पण काय दिवस होते! आवारातलं लिंबाचं झाड, पितळी किटलीतला चहा, कार्बनमुळं कायम निळी पडलेली बोटं. आणि समोरच्या टेबलावर हसबे तात्या, चष्मा कपाळावर चढवून टेबलभर चष्मा शोधणारे.

हवालदार धोंडीराम हसबे हे ठाण्याचे रायटर. फिर्याद असो, जबाब असो, पंचनामा असो, लिहायचा तात्यांनी. त्यांनीच इंदुमतीला लिहायला शिकवलं. “कागद रडला पायजे, बाई,” ते म्हणायचे. “माणूस रडून भागत न्हाई. कोर्टात माणूस उभा ऱ्हातो, पण बघत्यात कागदाकडं.” तात्या जाऊन वीस वर्षं झाली होती, पण हे वाक्य आठवलं की बाईंना अजून त्यांच्या तपकिरीचा वास येई.

आठवणींतून त्या वर आल्या तेव्हा समोरच्या भिंतीवर एक जुना कागद दाखवला जात होता. नाव-गाव काळं केलेलं. पण अक्षर काळं केलेलं नव्हतं. प्रत्येक ‘र’च्या खाली तो गाठीसारखा फराटा होता, आणि तसा फराटा जगात एकच बाई मारत होती.

शिकवणारी डॉ. ओवी बनसोडे, मानसशास्त्राची संशोधक, वय बत्तीस-तेहतीस, पायांत कोल्हापुरी चप्पल. तिचं मागं लक्ष नव्हतं.

“ही आपली चाळण,” ती शेजारच्या यंत्राकडं बोट दाखवत म्हणाली. “जबाब बाईचा असतो, पण लिहितो पोलीस. मग कागदावरचे शब्द कुणाचे? एकाच रायटरनं लिहिलेले चारशे-पाचशे जबाब आपण यंत्राला वाचायला देतो. जे शब्द, जी वाक्यं प्रत्येक जबाबात त्याच ठेक्यात येतात, ती रायटरची. ती चाळणीत अडकतात. खाली पडतं ते सांगणारीचं.”

“आणि दुसरं म्हणजे कागदाची पाठ. पेनाचा दाब कागदावर चर पाडतो. केसाच्या शंभराव्या भागाएवढा चरसुद्धा यंत्र मोजतं. ऐकून लिहिताना हात अडखळतो, थांबतो. पाठ असलेलं लिहिताना धावतो. हे वाक्य बघा.”

भिंतीवर एक ओळ पिवळी झाली. *त्यावेळी मी मोठमोठ्याने आरडाओरडा केला, परंतु तो कोणी ऐकला नाही.*

“हे एका दमात लिहिलंय, पेन कुठंही उचललेलं नाही. आणि याच हातच्या दोनशे बारा जबाबांत हेच वाक्य आहे. शब्दान् शब्द.”

वर्गात हशा पिकला. “मॅडम, दोनशे बारा बायका एकाच सुरात ओरडल्या?” कुणीतरी म्हणालं. इंदुमतीबाईंच्या कानशिलात ऊन ऊन झालं.

ओवी हसली नाही. “मग खरं काय झालं असेल? घार झडप घालते तेव्हा पिलू कित्येकदा पळत नाही, निपचित पडतं. आपल्या मेंदूच्या बुडाशी तसाच एक फार जुना भाग आहे. पळणं शक्य नाही, लढणं शक्य नाही असं त्याला वाटलं की तो शरीराचा खटकाच पाडतो. हात, पाय, जीभ, सगळं गोठतं. बाई शुद्धीत असते, तिला ऐकू येतं, दिसतं, पण हलता येत नाही. हे तिनं ठरवलेलं नसतं. कित्येक जणींचं असंच होतं.”

“पण मग वकील म्हणणारच ना, ओरडली नाही म्हणजे राजी होती?” पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

“म्हणणार. म्हणून तर तुम्ही इथं बसलात. संमती म्हणजे होकार असणं. नकाराचा आवाज न येणं ही संमती नव्हे. आणि हे कागदावर जसंच्या तसं लिहायची हिंमत लिहिणाऱ्यात पाहिजे.”

इंदुमतीबाई उठून बाहेर गेल्या. सत्काराची शाल राहिली बाजूला, अंगावरचा पदरसुद्धा त्यांना जड वाटायला लागला होता.

ओवी धावतच व्हरांड्यात आली. “सरगरबाई? माफ करा. मला तुमच्याशी आधी एकटीनं बोलायचं होतं. तुम्ही याल न याल कळेना, म्हणून वर्ग सुरू केला.”

“भर वर्गात माझा कागद टांगलात.”

“चूक झाली माझी.”

“तुमचा जन्म तरी झाला होता का तेव्हा?” बाईंचा आवाज चढला. “ठाण्यात बाई आली की बाकीचे खिडकीशी गोळा व्हायचे. त्यांना हुसकून, दार लावून, तिला पाणी पाजून मी लिहीत होते. ओरडली नाही असं लिहिलं असतं तर साहेबांनी फिर्यादच घेतली नसती. त्या वाक्यावर गुन्हा दाखल व्हायचा! त्या वाक्यावर!”

“खरंय,” ओवी म्हणाली. “मी तुम्हाला वाईट म्हणत नाही.”

तिनं बाईंना खोलीत नेलं, चहा मागवला आणि तो मघाचाच कागद पुढं ठेवला. २००४च्या एप्रिलमधली फिर्याद. फिर्यादी शालन, वय वीस. शेजारच्या गल्लीतला एक ठेकेदार दुपारी घरात शिरला, ती एकटी असताना. खटल्यात तो सुटला, कारण शालनची सख्खी चुलती भिंतीपलीकडंच होती आणि तिनं शपथेवर सांगितलं, ‘मला कसलाही ओरडा ऐकू आला नाही.’ निकालात न्यायाधीशांनी शेरा मारला, फिर्यादीची कहाणी रचलेली दिसते.

“आरोपी वारला. त्याच्यावर पुन्हा खटला चालणार नाही,” ओवी म्हणाली. “पण आता नवा कायदा आहे. असा शेरा बाईच्या माथ्यावरून पुसता येतो. शालनताईंनी स्वतः अर्ज केलाय. त्यासाठी लिहिणारीचा जबाब लागतो, की ते वाक्य सांगणारीचं नव्हतं.”

“एवढंच?”

“एवढंच नाही.” ओवीनं कागद उलटा केला आणि पाठीचं मोठं केलेलं चित्र दाखवलं. त्या धावत्या वाक्याच्या आधी एक खोल खड्डा होता, एकाच जागी, पुन्हा पुन्हा टोचल्यासारखा. “इथं पेन बराच वेळ टेकलेलं आहे. म्हणजे सांगणारी बोलत होती आणि तुम्ही लिहीत नव्हता. यंत्र जास्तीचं काढून टाकू शकतं, पण न लिहिलेलं परत आणू शकत नाही. ती काय म्हणाली, हे तुम्हालाच ठाऊक. शालनताईंना आम्ही काही सुचवायचं नाही, नाहीतर त्यांच्या आठवणीत आमचे शब्द मिसळतील. आठवण दर वेळी काढली की नव्यानं लिहिली जाते.”

बाईंनी खड्ड्यावर बोट ठेवलं. चित्रच ते, बोटाला काय लागणार.

“आणि अजून एक,” ओवी म्हणाली. “तुम्ही सही केलीत की ती एका कागदापुरती राहणार नाही. त्या दोनशे बारांतल्या अडतीस खटल्यांत शिक्षा झाली होती. त्यांतले काही जण अजून आत आहेत. त्यांचे वकील अर्ज करतील. बाकीचा पुरावा असेल तर शिक्षा टिकेल.”

“आणि नसेल तर?”

ओवीनं उत्तर दिलं नाही. बाईंना त्या मुलीचा त्या क्षणी राग आला आणि विश्वासही वाटला. थापा मारणारी असती तर तिनं उत्तर दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुमतीबाई पिंपरणीच्या जुन्या ठाण्यासमोर जाऊन बसल्या. ठाणं तिथून हलून दहा वर्षं झाली होती, आता तिथं बियाण्यांचं सरकारी कोठार होतं. लिंबाचं झाड मात्र होतं. त्याच्या पारावर बसून त्यांनी तो एप्रिलचा दिवस आठवायला घेतला आणि त्यांना आधी आठवली ती भजी.

कांद्याची गरम भजी, वर्तमानपत्रावर तेल सुटलेलं. शालनची फिर्याद लिहून झाल्यावर हसबे तात्यांनी ती शेवटपर्यंत वाचली होती. ‘माझी वरील फिर्याद माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ या ओळीखाली पोरीची सही बघितली होती, आणि चष्मा पुसत म्हणाले होते, “इंदुमती, आज तू रायटर झालीस.” स्वतःच्या खिशातून त्यांनी ठाण्याला भजी दिली. बाईंना एवढा मान त्याआधी कुणी दिला नव्हता. नवऱ्यानं नाही, बापानं नाही. तो दिवस त्यांनी एकोणचाळीस वर्षं जिवापाड जपला होता. कंटाळा आला, गुडघे दुखले, घर खायला उठलं की त्या हाच दिवस काढून बसायच्या.

भज्यांचा वास आठवत होता. तात्यांचा आवाज आठवत होता. पोरीचा चेहराच येईना. बाईंना स्वतःची लाज वाटली. डोळे मिटून त्यांनी तात्यांना बाजूला केलं, भजी बाजूला केली, आणि टेबलापलीकडं बघितलं. तिथं हिरव्या पातळातली एक पोर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. हळूहळू ती बोलायला लागली. बाईंच्या हातात पेन होतं आणि पेन टेकलेलं होतं.

ऐकता ऐकता बाईंच्या डोळ्यांना धार लागली. कोठाराच्या रखवालदारानं पाणी आणून दिलं. तात्या चुकले होते, आणि त्याहून जास्त त्या स्वतः चुकल्या होत्या, कारण तात्यांनी ती पोर बोलताना ऐकली नव्हती. बाईंनी ऐकली होती. पाणी पिऊन झाल्यावर त्या उठल्या आणि या खेपेला एसटीची वाट न बघता चालत केंद्रावर गेल्या.

जबाब ओवीनं घेतला. कॅमेरा होता, तरी बाईंनी हट्ट धरला की कागदावरही लिहा. “आणि हे बघा, बनसोडेबाई, मी बोलीन तेच लिहायचं. माझं वाक्य लंगडं असलं तर लंगडंच राहू द्या.”

“सांगा.”

“ती म्हणाली, ‘मला हलताच येईना. तोंडातनं आवाजच फुटंना. पलीकडं चुलती कुरडयांचा चीक घाटत हुती. भांड्याला दांडा घासल्याला मला ऐकू येत हुता. मी नुसती ती घाटतीया ते ऐकत हुते.’ असं म्हणाली. मी ते लिहिलं नाही. मला वाटलं, कोर्ट विचारील, एवढी जवळ होती तर हाक का मारली नाहीस? म्हणून मी ओरडण्याचं वाक्य लिहिलं. ते तिचं नव्हतं. तसं लिहायला मला शिकवलं होतं, पण हात माझाच होता.”

ओवीनं सगळं लिहून वाचून दाखवलं. ‘माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ या ओळीपाशी बाईंचा हात थांबला. या ओळीखाली त्यांनी शेकडो बायकांच्या सह्या घेतल्या होत्या. तिच्याखाली स्वतःचं नाव लिहायची ही पहिलीच वेळ. आत असलेल्या माणसांचा विचार मनात आला. त्यांतला एखादा नराधम या सहीनं सुटेल, आणि एखादा असाही असेल की ज्याला उगाच डांबलंय. दोन्ही पापं आपलीच. त्यांनी सही केली.

“आता मला तिला भेटायचंय,” त्या म्हणाल्या.

ओवीनं शालनला फोन करून विचारलं. शालन म्हणाली, येऊ द्या, मला त्या बाई आठवतात.

शालन अजून त्याच गल्लीत, त्याच घरात राहत होती. वय एकोणसाठ. घरामागं डाळिंबाची कलमं करून विकायचा तिचा धंदा होता, हाताला मातीचा आणि शेणाचा वास. लग्न तिनं केलं नव्हतं. बाईंना बघून ती मनापासून हसली.

“तुमी व्हय! वळखलंच न्हाई केसांमुळं. या, बसा. त्या ठाण्यात तुमीच एक माझ्याशी माणसावानी बोललेल्या. पाणी पाजलंत, खिडकी लावलीत. मी कधी इसरले न्हाई.”

बाईंना ते कौतुक ऐकवेना. “शालन, मी जबाब दिलाय. तो शेरा पुसला जाईल म्हणतात.”

“लई बरं झालं.” शालननं चहा ठेवला. “पण खरं सांगू? जज्जाचं मला एवढं लागलं न्हाई. तो परका मानूस. मला लागलं ते आमच्या सोनाक्काचं. चुलती माझी. आईमागं तिनंच वाढवलं मला, तिच्या ताटात जेवले. मी घसा फुटस्तवर वरडले आन् ती भिंतीच्या पल्याड असून आली न्हाई. वर कोर्टात म्हणली, ऐकलंच न्हाई. एकोणचाळीस वर्सं झाली, मी तिच्या दारात पाय ठेवला न्हाई. ते तिचं दार, शेजारचंच. ब्याऐंशीची झाली म्हातारी. वर्सातनं चारदा मानूस धाडती. मी परत पाठवती.”

इंदुमतीबाईंनी मधल्या भिंतीकडं बघितलं. कोर्ट, शेरा, अडतीस शिक्षा, सगळ्यांचा हिशेब त्यांनी मनाशी मांडला होता. या दाराचा मांडला नव्हता. ते वाक्य पोरीला वकिलानं वाचून दाखवलं, कोर्टानं वाचून दाखवलं, वर्षानुवर्षं तिनं स्वतःला सांगितलं. आठवण दर वेळी बाहेर काढली की नव्यानं लिहून आत ठेवली जाते, असं ओवी म्हणाली होती. शालनच्या डोक्यात बाईंचंच अक्षर बसलं होतं, खालच्या फराट्यासकट.

“शालन,” बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, ओवीला विचारून सांगावं. पण सही झालेली होती, आणि आता गप्प बसणं म्हणजे दुसऱ्यांदा पेन टेकवून ठेवणं. “तू ओरडली नव्हतीस. ते मी लिहिलं.”

“काय?”

“तू मला सांगितलंस की आवाज फुटंना. हलता येईना. ओरडल्याचं वाक्य माझं. केस टिकावी म्हणून मी घातलं. तुझं काही चुकलं नव्हतं. शरीर असंच गोठतं, आता डॉक्टर सांगतात. चूक माझी होती.”

शालन उभीच राहिली. चहा उतू गेला, तिनं गॅस बंद केला नाही. तो बाईंनी उठून बंद केला. मग शालन म्हणाली, “आवाज फुटला न्हवता.” हे ती बाईंना सांगत नव्हती. स्वतःशीच चाचपून बघत होती. “चीक घाटत हुती ती... मला ऐकू येत हुतं.”

बाईंनी एक शब्द पुढं सरकवला नाही.

“मंजी सोनाक्का खरं बोलली हुती?”

“हो.”

शालन मटकन खाली बसली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. ती बाईंवर चिडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बाईंनी त्या आनंदानं घेतल्या असत्या. ती उठली, हात धुतले, पदर सारखा केला आणि चपला न घालताच गल्लीत उतरली. बाई दोन पावलं मागून गेल्या.

शेजारचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत म्हातारं माणूस खोकत होतं. शालन उंबऱ्याशी उभी राहिली. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, पण आवाज येईना.

‘सोनाक्का, बघा कोण आलंय!’ ही हाक इंदुमतीबाईंच्या ओठांवर आली. मारली असती तर सगळं सोपं झालं असतं. छत्तीस वर्षं त्या हेच तर करत आल्या होत्या. त्यांनी पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला आणि शालनच्या मागं, गल्लीतल्या उन्हात, तशाच उभ्या राहिल्या. तिला लागेल तेवढा वेळ.